दहा बळींची पात्रता

रस्ते अपघाताच्या बातमीचा साचा ठरलेला असतो. इतके ठार, इतके जखमी, चालकाचे नियंत्रण सुटले, पुढील तपास पोलीस करीत आहेत. पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीची भाषाही तितकीच ठरलेली : ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून...’ पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे २७९ आणि ३०४-अ लागत, आता भारतीय न्याय संहितेतली २८१ आणि १०६ लागतात. कलमे बदलली, निदान तेच राहिले. अनेकदा चालकच मरण पावलेला असतो. मग गुन्हा त्याच्या नावावर नोंदवून फाइल बंद होते. रस्ता जागच्या जागी असतो आणि काही महिन्यांनी त्याच वळणावरून पुन्हा तशीच बातमी येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जण रस्त्यावर मरण पावले. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्याच्या पुढच्या वर्षी हा आकडा १ लाख ७२ हजारांवर गेला. एकट्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ हजारांवर मृत्यू झाले. मृतांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोक मोटारीत नव्हतेच. ते दुचाकीवर होते किंवा पायी चालत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे जगभरातले पहिले कारण रस्ता हे आहे. एखाद्या गावात कावीळ पसरली तर आरोग्य खाते पाण्याची टाकी तपासते, फुटलेली जलवाहिनी शोधते. रुग्णाने पाणी उकळून प्यायले नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदवून कोणी घरी जात नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र नेमके हेच चालते.

या विषयाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहण्याची सुरुवात एका अपघातातूनच झाली. १९१७ साली कॅनडात विमान चालवायला शिकणारा ह्यू डीहेवन हा तरुण दोन विमानांच्या टकरीत जबर जखमी झाला, पण वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. पुढे त्याने उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९४२ मध्ये ५० ते १५० फुटांवरून पडलेल्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सतराव्या मजल्यावरून पडलेली एक स्त्री होती. ती खालच्या पत्र्याच्या पेटीवर पडली, पत्रा जवळपास फूटभर आत दबला आणि ती वाचली. निष्कर्ष साधा होता. माणूस किती वेगात होता यापेक्षा तो किती अंतरात थांबला आणि कशावर थांबला, यावर जीव अवलंबून असतो. वाहनांचा दबणारा पुढचा भाग, एअरबॅग, रस्त्याकडेचे लवचिक कठडे हे सगळे त्या दबलेल्या पत्र्याचेच वंशज म्हणायला हवेत.

डीहेवनने उंची निवडली हे आपल्या सोयीचेच झाले, कारण वेगापेक्षा उंची माणसाला लवकर कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडणे. ताशी ५० म्हणजे सुमारे दहा मीटर, तिसरा मजला. ताशी १०० म्हणजे चाळीस मीटरच्या आसपास, तेरावा मजला. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. तेराव्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नसेल तर त्या इमारतीला परवानगी मिळणार नाही. गाडी त्या वेगाने जाते त्या रस्त्याच्या कडेला मात्र काँक्रीटचे खांब, उघडी टोके असलेले कठडे, झाडे आणि जाहिरातींचे लोखंडी सांगाडे कसेही उभे असतात.

अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते, साथरोगांच्या शास्त्रातून आलेले. मलेरियाचा जंतू असतो तसा अपघाती इजेचा ‘जंतू’ म्हणजे ऊर्जा, असे त्यांनी मांडले. मग धडकेच्या आधी, धडक होत असताना आणि धडकेनंतर अशा तीन टप्प्यांवर माणूस, वाहन आणि परिसर यांचा विचार करणारा तक्ता त्यांनी तयार केला. या तक्त्यात नऊ चौकटी आहेत. आपला तपास त्यातली एकच चौकट भरतो : धडकेच्या आधी, माणूस. उरलेल्या आठ कोऱ्या राहतात. हॅडन प्रमुख असलेल्या संस्थेत काम करून भारतात परतलेले, दिल्ली आयआयटीचे प्रा. दिनेश मोहन २०२१ मध्ये कोविडने जाईपर्यंत हेच सांगत राहिले. परदेशातल्या मोटारकेंद्री उपायांची नक्कल न करता पायी चालणारा आणि दुचाकीवरचा माणूस मध्यभागी ठेवून रस्ते आखा, हा त्यांचा आग्रह होता. तो ऐकला गेला असता तर वरचे दोनतृतीयांश वेगळे दिसले असते.

कोऱ्या चौकटींचा अर्थ काय, ते महाराष्ट्रातल्या दोन अपघातांवरून दिसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनावरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि तिथेच पुलाचा काँक्रीटचा कठडा समोर येतो, या गोष्टीची चर्चा त्या मानाने लवकर विरली. पट्टा ही धडकेच्या वेळची चौकट होती. कठडा ही दुसरी चौकट होती आणि ती त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याची होती.

दुसरा अपघात १ जुलै २०२३ चा. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस खांबाला, मग दुभाजकाला धडकून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पुढे अनेक दिवस वाद झाला. बस डाव्या बाजूवर आडवी झाल्याने दरवाजा जमिनीखाली गेला होता. आतल्या माणसाला बाहेर पडायला दुसरी वाट किती सेकंदांत सापडली असती, झोपून जाण्याच्या आसनांमधली बोळ किती रुंद होती, आपत्कालीन खिडकी आतून फोडता येत होती का, हे प्रश्न टायरच्या वादापेक्षा महत्त्वाचे आहेत. कारण डुलकी पुन्हा कोणाला तरी लागणारच आहे. शेकडो किलोमीटर सरळ, एकसुरी रस्त्यावर मेंदू सुस्तावतो, हा शरीराचा धर्म आहे. पहाटे तर अधिकच. त्यावर गाडी मार्गिका सोडू लागताच चाकांखाली खडखडाट करणाऱ्या पट्ट्या आणि ठरावीक अंतरावर थांबायला जागा हे उपाय कधीचेच माहीत आहेत.

चूक होणार हे धरूनच रस्ता बांधायचा, असे स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठरवले. रस्त्यावर कोणाचाही मृत्यू किंवा कायमची इजा मान्य नाही, आणि रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी चालकाइतकीच, असे त्या धोरणाचे सूत्र. समोरासमोर धडका होणाऱ्या तेरा मीटर रुंद रस्त्यांना चौपदरी करण्याएवढा पैसा त्यांच्याकडेही नव्हता. म्हणून त्यांनी एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक अशा मार्गिका आखून मध्ये पोलादी दोरांचा दुभाजक टाकला. पुढे जायची संधी दोन्ही बाजूंना आळीपाळीने मिळते. पहिला प्रयोग १९९८ मध्ये झाला आणि अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. दोर ताणला जातो, गाडीची ऊर्जा थोडी थोडी शोषतो आणि तिला परत आपल्या मार्गिकेत ढकलतो. देशभरात १९९७ मध्ये ५४१ मृत्यू झाले होते, २०१९ मध्ये २२१. शून्य त्यांनाही गाठता आलेले नाही.

हा दोर महाराष्ट्राला अनोळखी नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे अभिनेते गेले, तेव्हा ‘ब्रायफेन रोप’ हा शब्द घरोघरी पोहोचला. समोरून येणारे वाहन दुभाजक ओलांडून आपल्यावर येऊ शकते, ही भीती त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला होती. दोर बसवण्याची मागणी जोरात झाली आणि ते टप्प्याटप्प्याने लागले. पुढे २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ मृत्यू झाल्यावर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी तो मृत्यूमुक्त करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कामे दिसायला किरकोळ होती : कठड्यांची उघडी टोके झाकणे, खांबांपुढे धक्का शोषणारे अडसर लावणे, कडेला बंद पडलेले ट्रक लवकर हलवणे. वार्षिक मृत्यू शंभराच्या खाली आले. उद्दिष्ट अजून दूर आहे, पण एवढा फरक त्याच चालकांकडून, त्याच बेशिस्तीसकट पडला, हे नोंदवायला हवे.

अर्थात हा दोर उचलून कुठेही लावायचा नसतो. स्वीडनमधल्या मोटारसायकलस्वारांनीच त्याच्या खांबांना विरोध केला होता, कारण घसरत आलेल्या शरीराला तेच खांब घातक ठरू शकतात. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जिथे मरणाऱ्यांत दर पाचांतले दोन-सव्वादोन जण दुचाकीवरचे असतात, त्या राज्य रस्त्यांवर वेगळा विचार लागेल.

पुण्याच्या नवले पुलाचे उदाहरण यापेक्षा अवघड आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर महामार्ग सलग उतारावरून थेट शहराच्या गर्दीत शिरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मालवाहू वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरच्या धडकेने लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. दर वेळी चर्चा एकाच मुद्द्यावर येते : ब्रेक निकामी झाले, चालकाने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती. यात तथ्य असते, पण त्यामागचे शास्त्र समजून घेतले तर उपाय कुठे करायचा तेही दिसते. ४० टन वजनाचा ट्रक शंभर मीटर उंचीवरून खाली येतो तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा सव्वाशे लिटर पाणी उकळवायला पुरेल एवढी असते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन रोखून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ते तापतात, जळका वास येतो आणि एका क्षणानंतर पेडल कितीही दाबले तरी पकड येत नाही. ब्रेक बिघडलेले नसतात, तापलेले असतात. थंड झाल्यावर तपासणाऱ्याला ते ठीकच दिसतात.

मग उपाय उताराच्या वरच्या टोकाला हवा, जिथे ब्रेक अजून गार आहेत. तिथे अवजड वाहने सक्तीने थांबवून खालचा गिअर टाकायला लावणे, उतारभर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लावणे, आणि ब्रेक गेलेच तर ट्रकला शिरायला खडीने भरलेली चढाची मार्गिका बांधणे, ज्यात चाके रुतून गाडी थांबते. घाटांच्या देशांत अशा मार्गिका नवलाच्या नाहीत. शहराजवळ त्यांना जागा मिळत नाही, ही खरी अडचण आहे, आणि ती महामार्गाच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढू दिल्याची किंमत आहे. स्थानिक वाहतुकीला महामार्गावर यावे लागणार नाही असे सलग सेवा रस्ते हा त्यावरचा तोडगा वर्षानुवर्षे सांगितला जातो. उताराच्या खालच्या टोकाला गतिरोधक आणि दंडाच्या पावत्या यांनी तापलेले लायनर गार होत नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप असतो तो लोकांच्या शिस्तीचा. उलट्या दिशेने येणारा, हेल्मेट न घालणारा, दारू पिऊन चालवणारा माणूस रस्ता कसा सुधारणार? आक्षेप खोटा नाही. दारू आणि हेल्मेट यांबाबत कडक अंमलबजावणीला पर्याय नाही. स्वीडननेही ती कधी सैल केली नाही. पण उलट्या दिशेने येणारा शेतकरी किंवा दूधवाला बहुतेकदा दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून येण्याचे टाळत असतो, कारण त्याच्या गावासमोरचा दुभाजक बंद केला आणि भुयारी मार्ग दिलाच नाही. मग कोणीतरी रात्रीतून दुभाजक फोडतो. ऊस तोडणीच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, तेव्हा दुचाकीवाल्याचा वेग नोंदवला जातो. ट्रॉलीला रेडियम लावलेले नव्हते आणि साइडपट्टीच नसल्याने ती अर्धी रस्त्यावर उभी होती, याची नोंद दुय्यम ठरते. सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांवर अपघातांचे कारण ‘अतिवेग’ असे लिहिलेले असते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात चार टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे वेगाची भीती अनाठायी नाही. पण गावातून जाणारा रस्ता सहा पदरी, सरळ आणि गुळगुळीत करून बाजूला ‘४०’ ची पाटी लावली, तर चालक पाटीचे ऐकत नाही, रस्त्याचे ऐकतो.

रस्त्याने वेग कमी करायचा म्हणजे गतिरोधक, एवढेच आपल्याकडे ठाऊक असते आणि तेही चुकीचे. ब्रिटनमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने सत्तरच्या दशकात मोजून-मापून ठरवलेला गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी फक्त दहा सेंटिमीटर उंच होता. इंडियन रोड्स काँग्रेसनेही १९८८ मध्ये हेच माप स्वीकारले : ताशी २५ किलोमीटरने गेले तर जाणवत नाही, त्याहून वेगात दणका बसतो. प्रत्यक्षात गल्लोगल्ली डांबराचे जे उंचवटे घातले जातात ते जेमतेम हातभर रुंद असतात. त्यांच्यावरून हळू गेले तरी मणक्याला हिसका बसतो, आणि रात्री न दिसल्याने दुचाकीवर मागे बसलेली बाई उडून डोक्यावर पडते, ही बातमी दर महिन्याला कुठेतरी असतेच. सुरक्षेसाठी घातलेली वस्तू जीव घेते आणि ती कोणी, कोणत्या मापाने घातली, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

पायी चालणाऱ्यांचे हाल याहून वेगळे नाहीत. रस्ता रुंद केला की पदपथ जातो आणि बदल्यात पादचारी पूल मिळतो. गुडघेदुखीचा माणूस दोन मजले चढून-उतरून पलीकडे जाईल, ही अपेक्षा करणाऱ्याने कधी हातात पिशव्या घेऊन तो पूल ओलांडून पाहिलेला नसतो. मुंबईतल्या अनेक स्कायवॉकची अवस्था सर्वांसमोर आहे. ताशी ५० ऐवजी ६५ ने येणाऱ्या मोटारीच्या धडकेत पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो. गाड्यांना खाली ठेवून माणसाला वर पाठवण्यापेक्षा, ओलांडण्याच्या जागी रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उचलला तर गाडी आपोआप मंदावते. त्याला खर्चही पुलाहून कितीतरी कमी येतो. त्याचे उद्घाटन मात्र करता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक सरकारी व्याख्या आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ कधी ठरतो? तीन वर्षांत तिथे मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले तर, किंवा दहा माणसे मेली तर. ही व्याख्या प्राधान्य ठरवायला केली होती. व्यवहारात ती पात्रतेची अट झाली आहे. नऊ मृत्यू झालेल्या वळणावरचे गावकरी निवेदन घेऊन जातात तेव्हा त्यांना याचाच अनुभव येतो. साथरोगात पहिला रुग्ण सापडताच यंत्रणा हलते, कारण दहावा होऊ द्यायचा नसतो. रस्त्याचे सुरक्षा परीक्षण आराखड्याच्या वेळी, बांधकामात आणि खुला करण्याआधी करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. ते अहवाल लोकांना पाहायला मिळत नाहीत, आणि त्यातल्या किती सूचना पाळल्या गेल्या हे उद्घाटनाच्या घाईत कोणी विचारत नाही.

कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधकाम वा देखभाल मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या ठेक्यापुढे ही रक्कम हास्यास्पद आहे, पण दोष नोंदवण्याची वाट त्यातून उघडते. जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोख उपचार देणारी योजना २०२५ मध्ये अधिसूचित झाली, हेही चांगले झाले. अपघातांची नोंद आता चेन्नईच्या आयआयटीने विकसित केलेल्या संगणकीय प्रणालीत होते. पोलिसांनी नोंद केली की ती रस्त्याच्या अभियंत्याकडे जाते आणि त्याने जागेवर जाऊन आपला भाग भरायचा असतो. तो भाग किती अपघातांत भरला गेला आणि त्यावरून किती ठिकाणी काम झाले, याचा तक्ता प्रत्येक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने दर महिन्याला जाहीर करावा. पंचनाम्यात टायरच्या खुणांची लांबी मोजली जातेच. त्याच टेपने कठड्याचे उघडे टोक रस्त्यापासून किती अंतरावर आहे आणि गतिरोधक किती रुंद आहे, तेही मोजता येते.